तुम्ही विचारलंत म्हणून: गेम आणि कॉमिक्स लिहून घर चालतं का?

लग्नात, पालकसभेत, सोसायटीच्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही घरूनच गेमचं आणि कॉमिक्सचं काहीतरी लिहिता ना? त्यावर घर चालतं? आणि घरचे काय म्हणतात?" जेवणाच्या पंगतीत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून मी "चालतं की" एवढंच म्हणतो. पण हल्ली विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना स्वतःला किंवा त्यांच्या मुलांना या कामात यायचं असतं. त्यांच्यासाठी जरा सविस्तर.

घर चालतं, पण माझ्या एकट्याच्या कमाईवर नाही. बायको बँकेत आहे. घराचा हप्ता आणि आरोग्यविमा तिच्या पगारातून जातो. मुलांच्या फिया, किराणा, आईची औषधं माझ्याकडे. मी नोकरी सोडण्याआधीच आम्ही कागद-पेन घेऊन ही वाटणी केली होती. दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा एक पगार घरात नसता, तर मी नोकरी सोडली नसती. कॉमिकचे पैसे पानावर मिळतात, गेमचे शब्दांवर, तासांवर किंवा टप्प्यांवर. इथल्या कंपन्यांकडून येणाऱ्या रकमेतून १० टक्के टीडीएस आधीच कापलेला असतो. एखादा टप्पा मंजूर व्हायचा राहिला की बिल पुढे सरकतं आणि तो महिना कोरडा जातो. तेव्हा हाताशी निदान सहा महिन्यांचा घरखर्च असावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

यापुढचा प्रश्न ठरलेला: चित्रं तर चित्रकार काढतो, मग तुम्ही लिहिता काय?

अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली. त्यातली राम वाईरकरांची, प्रताप मुळीकांची चित्रं आमच्या पिढीला डोळे मिटूनही दिसतात. कमला चंद्रकांत आणि सुब्बा राव ही नावं मात्र फारशी कुणाला आठवत नाहीत. त्यातल्या कितीतरी अंकांच्या संहिता या दोघांच्या आहेत. कुठल्या क्षणी चित्र थांबवायचं, राजा बोलत असताना दाराशी कोण उभं आहे, कुठल्या चौकटीत एकही शब्द नको, हे संहितेत ठरतं. चित्रकार मग त्यात स्वतःची भर घालतो, आणि चांगला चित्रकार लाभला तर माझे निम्मे संवाद मीच काढून टाकतो, कारण ते चेहऱ्यावर आलेले असतात.

३२ पानांचा अंक धरा. छापखान्यात एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात; सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणून ३२. पानावर पाच-सहा चौकटी. एका चौकटीत एकच कृती. तलवार उपसणं आणि घोड्यावर बसणं एकत्र काढता येत नाही. संवादाच्या फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलं की चित्र झाकलं जातं. धक्का द्यायचा तो सम क्रमांकाच्या पानावर, कारण ते डावीकडचं पान वाचकाला उलटल्याशिवाय दिसत नाही. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न सोडायचा. मी आधी कोरे कागद दुमडून छोटी वही करतो आणि तिच्यात नुसती पानं उलटून बघतो. तिसरीतला मुलगा ही वही हिसकावून घेतो आणि मोठ्याने वाचतो. तो जिथे पान उलटायची घाई करत नाही, तिथे मी खूण करून ठेवतो.

हे काम घरात सगळ्यात आधी माझ्या आईला कळलं. तिचं माहेर कुडाळजवळ. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी तिने लहानपणी देवळात पाहिलेली. एका आख्यानाच्या सगळ्या चित्रांची मिळून एक पोथी असते. त्यातलं एकेक चित्र समोर धरून गात, सांगत कथा पुढे न्यायची. ही कला जिवंत ठेवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आईने ती बातमी कापून माझ्या टेबलावर ठेवली होती. "हेच करतोस ना तू?" बरंचसं हेच. चित्रकथीत प्रत्येक चित्र किती वेळ दाखवायचं हे सांगणारा ठरवतो, कॉमिकमध्ये वाचणारा ठरवतो. आणि गेममध्ये पुढचं चित्र कुठलं, हेसुद्धा खेळणाऱ्याच्या हातात जातं.

गेमचं लेखन म्हणूनच वेगळं. लोकांना वाटतं, सिनेमासारखी एक पटकथा असेल. प्रत्यक्षात माझ्यासमोर एक्सेलची लांबच लांब शीट असते: ओळीचा क्रमांक, बोलणारं पात्र, कुठल्या अटीवर बोलेल, किती अक्षरांत बसलं पाहिजे, आवाज देणाऱ्यासाठी सूचना. खेळाडू नावाड्याशी बोलायच्या ऐवजी घाटावर नुसता घुटमळत राहिला, तर नावाडी काय म्हणेल? तेच वाक्य तीनदा ऐकलं की माणूस खोटा वाटतो, म्हणून त्या घुटमळण्यासाठी दहा वेगळी वाक्यं लागतात. ती चार-चार शब्दांची असतात आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तीच खातात. शिवाय मराठीत-हिंदीत क्रियापदाला लिंग चिकटलेलं, आणि खेळाडूने मुलगा निवडलाय की मुलगी, हे लिहिताना ठाऊक नसतं. मग एकतर प्रत्येक ओळ दोनदा लिहायची किंवा वाक्यच असं फिरवायचं की प्रश्न येणार नाही.

फाट्यांचं गणित तर सोपं आणि निर्दय. प्रत्येक निवडीला दोन वाटा फुटल्या तर पाच निवडींनंतर ३२ शेवट होतात. एवढं लिहायला ना वेळ असतो, ना पैसा. म्हणून वाटा बेटाला वळसा घालणाऱ्या धारांसारख्या पुन्हा एकत्र आणायच्या आणि मागच्या निवडीची फक्त एक नोंद पुढे न्यायची. खूप नंतर एखादं पात्र जाता जाता म्हणतं, "त्या दिवशी तू थांबला होतास." खेळाडू त्या एका वाक्याने हलतो. हे साधलं की मला जो आनंद होतो, तो दुसऱ्या कुठल्या लेखनात मिळालेला नाही.

आपल्याकडे असं काम होत नाही, हा समज आता सोडायला हवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला. भावाला शोधत निघालेली मुलगी, आणि तिच्या प्रवासावर आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू. लेकीने तो माझ्या शेजारी बसून खेळला. खेळ थांबवायला न लावता कथा सांगायची ही किती सुंदर युक्ती आहे, हे तिला दाखवताना मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटला.

दिवस कसा जातो? सकाळचे डबे माझे. बायको आणि मुलं बाहेर पडली की मुलगा परत येईपर्यंत सलग लेखन, फोन बंद. संध्याकाळ घराची. अडचण परदेशी स्टुडिओंच्या मीटिंगची. पूर्व कॅनडातली मंडळी सकाळी कामावर बसतात तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं तासाने पुढे-मागे होतात, मग आमच्या जेवणाची वेळही बदलते. एकत्र जेवायचंच, हे बायकोने पहिल्या वर्षीच बजावलं होतं, आणि ते तिने बजावलं म्हणूनच टिकलं. मी स्टुडिओला स्पष्ट लिहितो: साडेआठ ते साडेनऊ मी नाही.

घरच्यांना खरं जड जातं ते वेगळंच. गेमच्या कामात गुप्ततेचा करार असतो. "बाबा गेम लिहितो" असं मुलाने शाळेत सांगितलं, मुलांनी विचारलं कुठला, आणि त्याच्याकडे नाव नव्हतं. घरी येऊन तो रडला. मी त्याला नाव सांगितलं नाही, पण करार म्हणजे काय ते बसून समजावलं. पुढे तो प्रकल्पच मध्यावर बंद झाला. कंपनीने पैसे चुकते केले, पण माझा नावाडी, त्याची ती घुटमळण्याची दहा वाक्यं, सगळं त्यांच्या सर्व्हरवर राहिलं. बंद दाराआडून मी ती वाक्यं आवाज काढून म्हणायचो, तेवढीच मुलांनी ऐकली. कॉमिक निदान हातात धरता येतं.

त्यानंतर करार वाचायचं काम बायकोने माझ्याबरोबर सुरू केलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क विकल्यावरही लेखक म्हणून नाव सांगण्याचा अधिकार उरतो. नवीन लिहिणाऱ्यांनी एवढं तरी पाठच करावं. आता मी दोन कलमं मागतो: गेम येण्याआधी माझं काम संपलं तरी श्रेयनामावलीत नाव हवं, आणि प्रकल्प बंद पडला तर ठरावीक पानं नमुना म्हणून दाखवायची मुभा हवी. बरेच जण मान्य करतात. एका स्टुडिओने दोन्ही नाकारली. ते काम मी तरीही घेतलं; त्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं करायची होती.