बेल्ट लावायच्या आधी आपले हात बघायचे

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. पोलिसाचं ट्रेनिंग संपलं, दोन दिवसांनी पहिली ड्युटी, आणि ही पलंगावर सगळा पसारा मांडून बसलेली, होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान), बेड्या, बॅटन (पोलिसी दांडका), टेझर (विजेचा झटका देणारं पिस्तुलासारखं हत्यार), रेडिओचं कव्हर, आणि मधोमध तो रुंद काळा बेल्ट. म्हणाली, दादा सगळं मिळालंय पण कुठे काय लावायचं तेच कळत नाहीये, बॅचमधल्या मुलांनी लावलंय तसं लावलं तर माझ्या कमरेवर जागाच उरत नाही. मी या नोकरीत बरीच वर्षं काढलीयेत, नवीन पोरापोरींना सोबत घेऊन फिरायचं कामही करतो, त्यामुळे प्रश्न नवा नव्हता, पण घरचंच माणूस विचारतं तेव्हा जीव जरा जास्तच गुंततो. तासभर बोललो आम्ही. तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, अजून कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आधी आपल्या खात्याचा नियम वाचायचा. बऱ्याच ठिकाणी पिस्तूल आणि टेझरची जागा ठरवूनच दिलेली असते, तिथे आपली आवड चालत नाही. उरलेलं सामान मात्र आपल्या हातावर असतं, आणि हातावर म्हणजे खरंच हातावर, कुठला हात कुठपर्यंत पोचतो, झटापटीत कुठला अडकलेला असेल आणि कुठला मोकळा, यावर. दिसायला कसं दिसतं हे बघूच नका.

आम्ही बेल्टचं घड्याळ करतो. बक्कल म्हणजे बारा, उजवी कंबर तीन, पाठीचा कणा सहा, डावी कंबर नऊ. माणूस डावखुरा असेल तर सगळं उलट. पिस्तूल तीनवर. तिथे चर्चा नाही.

आणि सहावर काहीच नाही. हे मी तिला तीनदा सांगितलं. नवीन लोकांना वाटतं मागे मोकळी जागा आहे तर बेड्यांचं पाऊच तिथे बसवून टाकू, पण पाठीवर पडलात तर तो लोखंडाचा तुकडा थेट कण्यावर येतो. पडायचं सोडा, नुसतं गाडीच्या सीटला टेकून आठ तास बसलं तरी पाठ कामातून जाते. बेड्या पाचवर नाहीतर सातवर सरकवायच्या, दोन जोड असतील तर दोन्हीकडे एकेक, आणि एक जोड तरी दोन्हींपैकी कुठल्याही एका हाताने काढता येतो का ते बघायचं. पाऊचमध्ये घालतानाही रोज एकाच दिशेने घालायच्या, म्हणजे हातात आल्यावर फिरवत बसावं लागत नाही.

टेझरवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा. 1 जानेवारी 2009 ला अमेरिकेत ओकलंडच्या फ्रूटवेल स्टेशनवर ऑस्कर ग्रँट नावाचा 22 वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने गेला, त्या पोलिसाने कोर्टात सांगितलं की मला टेझर काढायचा होता. मग 11 एप्रिल 2021, मिनेसोटातलं ब्रुकलिन सेंटर, वीसेक वर्षांच्यावर नोकरी झालेली अधिकारी टेझर टेझर असं ओरडली आणि हातातून गोळी सुटली पिस्तुलातून, 20 वर्षांचा डाँटे राइट गेला. तिचं पिस्तूल उजवीकडे होतं आणि टेझर डावीकडे, म्हणजे जागा बरोबरच होती. हे ऐकल्यावर ही फोनवर एकदम गप्प झाली. मी म्हटलं, अगं म्हणूनच सांगतोय, टेझर पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला लावायचाच, आणि शक्य असेल तर तो डाव्या हातानेच काढायचा म्हणजे उजव्या हाताला त्या कामाची ओळखच राहायला नको, पण नुसतं लावून भागत नाही, डाव्या हाताने शेकडो वेळा काढून आत ठेवायला लागतो, काडतूस काढून, थकलेलं असताना, अंधारात, कुणीतरी कानाशी ओरडत असताना. ताण आला की डोकं विचार करत नाही, जो रस्ता जास्त तुडवलेला असेल त्याच रस्त्याने हात जातो.

मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात घालायच्या गोळ्यांच्या पेट्या, डाव्या हाताने काढायच्या असतात म्हणून त्या दहा-अकराच्या मधे, गोळ्यांची टोकं बक्कलकडे, म्हणजे तर्जनी आपोआप मॅगझिनच्या पुढच्या कडेवर येते आणि अंधारातही दिशा चुकत नाही. पेपर स्प्रे डावीकडे पुढे. त्यावरची मुदतीची तारीख बघून घ्यायची, आणि स्प्रे अल्कोहोलवाला असेल तर त्यावर टेझर चालवला तर पेट घेऊ शकतो, तो डबा हातात घ्यायच्या आधी वाचावा. रेडिओ मागे डावीकडे आणि माइकची वायर पाठीवरून खांद्यावर, पुढून लोंबती वायर म्हणजे समोरच्याला ओढायला दोरी दिल्यासारखं. बॅटन आठच्या आसपास. हातमोज्यांचं छोटं पाऊच कुठेही बसतं.

टूर्निकेवर, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळून बांधायच्या पट्ट्यावर मात्र थांबतो, कारण हेच लोक विसरतात. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि तो माणूस आपणच असू शकतो. तेव्हा टूर्निके बक्कलच्या जवळ, अशा जागी की उजव्या हाताने पण निघेल आणि डाव्याने पण. मी तिला फोनसमोरच करायला लावलं, उजवा हात पाठीमागे ठेव, आता डाव्याने काढ. निघाला. आता डावा मागे. अडकला, कारण बाई प्लास्टिकच्या वेष्टणासकट तो पाऊचमध्ये कोंबून बसल्या होत्या. वेष्टण आधी फाडून टाकायचं, पट्टा एका हाताने उलगडेल असा घडी करून ठेवायचा, आणि बांधल्याची वेळ लिहायला मार्कर सोबत ठेवायचा.

आता जागेचा प्रश्न. तिची कंबर बारीक, त्यामुळे बाकीच्यांना जे बारा इंच मोकळे मिळतात ते तिला मिळत नाहीत. यावर उपाय एकच, टेप घेऊन प्रत्येक पाऊचची रुंदी मोजायची, बेरीज करायची, आणि मग काय कमी करायचं ते ठरवायचं. तिने मोजलं तर कडेची जागा धरून तीन इंच जास्त भरत होते. जुळी मॅगझिन पाऊच होती ती उभ्या ढंगाची घेतली, मोठा टॉर्च काढून छोटा खिशात टाकला, बसलं सगळं. शिवाय बायकांचं कमरेचं हाड बाहेर येतं म्हणून होल्स्टर शरीराला तिरपं बसतं आणि पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसते, त्यासाठी होल्स्टर जरा खाली आणि बाहेर घेणारी पट्टी मिळते, ती मागून घ्यायची, लाजायचं नाही. खात्यात सामान देणाऱ्याला वाटतं सगळ्यांना एकच माप चालतं. नाही चालत.

आतला बेल्ट आणि बाहेरचा बेल्ट वेल्क्रोने चिकटतात, पण धावताना सगळं वजन तेवढ्यावर टिकत नाही, म्हणून कीपर, म्हणजे दोन्ही बेल्ट एकत्र बांधणाऱ्या छोट्या पट्ट्या लागतात, निदान चार, त्यातले दोन होल्स्टरच्या दोन बाजूंना. होल्स्टर हललं तर पिस्तूल काढताना बेल्ट सोबत वर येतो. आणि घट्ट म्हणजे किती, तर श्वास घेता येईल इतकंच. सात-आठ किलो वजन रोज कमरेवर बांधलं की बेल्ट मांडीच्या नसेवर दाबतो, मांडीचा बाहेरचा भाग बधिर होतो, मुंग्या येतात, माझ्या दोन सहकाऱ्यांना झालंय. तसं व्हायला लागलं तर डॉक्टरकडे जायचं, अंगावर काढायचं नाही.

माझं एक सांगतो. तिसऱ्या वर्षात असताना एका रात्री मी सहज म्हणून बॅटन आणि टॉर्चच्या जागा अदलाबदल केल्या. दुसऱ्या रात्री एका बंद गोदामात हात बॅटनकडे गेला आणि टॉर्च वर आला, तोही बंद. समोरचा माणूस तेवढ्यात पळून गेला म्हणून मला काही झालं नाही. पण ते दोन सेकंद अजून आठवतात. तेव्हापासून काहीही हलवलं तर किमान दोन आठवडे रोज घरी सराव करतो, रिकाम्या पिस्तुलाने नाही, निळ्या प्लास्टिकच्या डमीने, आणि त्या खोलीत एकही गोळी ठेवत नाही.

अजून दोन गोष्टी मी तिला करून बघायला सांगितल्या. एक, पूर्ण बेल्ट लावून गाडीत बसायचं, सीटबेल्ट लावायचा आणि घाईत उतरायचं, सीटबेल्टचं बक्कल ज्या बाजूला येतं तिकडचं कुठलं पाऊच अडकतंय ते तिथेच कळतं. दोन, टॉयलेटला जायचं झालं तर बेल्ट कसा काढायचा आणि पिस्तूल कुठे ठेवायचं ते आधी ठरवायचं, दाराच्या हुकला नाही, नजरेसमोर आणि हाताच्या अंतरावर.

काल संध्याकाळी तिने गाडीत बसलेला फोटो पाठवला. रेडिओ सीटला टेकून पुढे ढकलला जातोय, त्यामुळे बॅटनची मूठ कोपराला लागतेय. दोन बोटं मागे सरकव म्हटलं, पण सातच्या पुढे नको, तिथे बेड्या आहेत. आज सरकवून परत बसून बघणार आहे.