आषाढातली तपासणी

१९ जुलै

चार दिवस ऊन नाही. कपाटातला आर्द्रतामापक ७८ टक्क्यांवर आहे, खिडकीशी ८६. जॅझच्या बॉक्स सेटची (एका खोक्यात अनेक तबकड्या आणि माहितीची पुस्तिका) वर्षातली मोठी तपासणी याच आठवड्यात करायची, दिवाळीच्या साफसफाईची वाट बघायची नाही. बुरशी जुलैत धरते. ऑक्टोबरात नुसते तिचे डाग हाती लागतात.

आधी सीलबंद खोक्यांचा प्रश्न. मर्यादित आवृत्तीचा सेट घेतला की वरचं प्लास्टिक तसंच ठेवायचं म्हणजे किंमत टिकते, असं पुष्कळ संग्राहक मानतात. पुण्याच्या हवेत हे मला मुळीच पटत नाही. हे प्लास्टिक उष्णतेने आकसवून बसवलेलं असतं आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत ते आणखी आकसत जातं. पोटमाळ्यावर तर फारच. आधी झाकणाचे कोपरे दबतात, मग पुठ्ठ्याला बाक येतो, मग तो बाक आतल्या एलपींपर्यंत पोचतो. पावसाळ्यात उलट गंमत होते: प्लास्टिकला बारीक छिद्रं असतात, त्यांतून ओल आत जाते, पण हवा खेळत नाही. सीलबंद खोका कोरडा असतो ही समजूतच चुकीची.

त्याहून मोठं कारण वेगळं आहे. ५००० किंवा ७५०० प्रतींची आवृत्ती संपली की बदली तबकडी मिळत नाही. कारखान्यातला दोष पहिल्या आठवड्यात सापडला तर विक्रेत्याशी बोलता येतं, सहा वर्षांनी सापडला तर त्या सेटमध्ये ती एक बाजू कायमची गेली. म्हणून खोका आला त्याच दिवशी उघडायचा, आणि उघडण्याआधी बाहेरच्या खोक्याचे सहाही बाजूंनी फोटो काढायचे.

ब्लेड झाकणाच्या मध्यावर कधीच चालवू नये. झाकण आणि तळ जिथे भेटतात त्या फटीवरचं प्लास्टिक नखाने ताणून फाडावं. प्लास्टिकवर माहितीचं स्टिकर असेल तर त्याभोवतीचा चौकोन कापून पुस्तिकेच्या शेवटच्या पानात ठेवावा. पुढे सेट विकायचा झाला तर खरेदीदार ते विचारतो.

मग मोजणी. मोझेक रेकॉर्ड्स या जॅझचे सेट काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या सेटवर हे सोपं असतं, कारण क्रमांकातच तबकड्यांची संख्या असते. एमआर४-१०१ म्हणजे चार एलपी, एमडी१८-१३८ म्हणजे अठरा सीडी. तेवढ्यावर थांबू नये. एकच तबकडी दोनदा आणि दुसरी गायब, असं होतं. लेबलं दोन वेगळ्या तबकड्यांची, पण खोबणी एकच, असंही होतं. म्हणून लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे प्रत्येक बाजूचे वाचून वहीत उतरवून घ्यावेत. तिरप्या टॉर्चच्या उजेडात ते स्वच्छ दिसतात.

भोक मध्यावर नसणं हा सर्वांत त्रासदायक दोष. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर बाजूच्या शेवटी, मध्यापासून सुमारे ६० मिलिमीटरवर, स्वर ०.८ टक्क्यांनी वर-खाली होतो. सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सांगायचं तर दोन्हीकडे १४, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २८. आपल्याकडची सर्वांत लहान श्रुती साधारण २२ सेंटची. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला पियानोचा लांबवलेला स्वर हलताना ऐकू येणारच. ड्रमच्या गजरात किंवा द्रुत सॅक्सोफोनमध्ये हा दोष लपतो, म्हणून तपासायला पियानो असलेली संथ रचना निवडावी, तीही बाजूच्या शेवटाकडची. डोळ्यांनाही दिसतं: टोनआर्म, म्हणजे पिन धरणारा दांडा, डाव्या-उजव्या बाजूला झुलत असतो.

दुसरा दोष साच्यात प्लास्टिक पूर्ण न भरण्याचा. खोबणीला टाके घातल्यासारखी पांढरट रेघ दिसते आणि कापड फाटल्यासारखा आवाज येतो, बहुधा एकाच कानात. जाड, १८० ग्रॅमच्या तबकड्यांत हा जास्त आढळतो. धुऊन तो जात नाही. नव्या तबकडीतली साधी चटचट मात्र कागदी पाकिटाच्या भुग्याची किंवा स्थिर विजेची असते, ती एका धुण्यात जाते. म्हणून तक्रार लिहिण्याआधी एकदा धुवावं.

२० जुलै

आज पुस्तिका. खोक्यातली पहिली सर्द होणारी वस्तू तीच. चकचकीत कागदावर चिकणमातीचा लेप असतो. तो ओला होऊन सुकला की दोन पानं एकमेकांना कायमची चिकटतात आणि ओढली तर छपाईच सोलून निघते. जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पुस्तिका बाहेर काढून पानं पंख्यासारखी पसरायची आणि सुक्या खोलीत तासभर उभी ठेवायची. अप्पा बळवंत चौकात मिळणारा बटर पेपर पानांमध्ये घालतात काही जण. सुका दिवस बघून घातला तर ठीक, ओल्या हवेत घातला तर तोच ओल धरून ठेवतो.

पुस्तिकेचं इतकं कौतुक करायचं कारण असं की बॉक्स सेट घ्यायचा तो मुळात तिच्यासाठी. गाणी सुटीही मिळतात. कोणत्या दिवशी, कोणत्या स्टुडिओत, कोण वाजवत होतं, कोणता टेक (एकाच रचनेचं एकेक ध्वनिमुद्रण) कितवा आणि त्यातला कोणता आधी छापला गेला, हे सगळं एकत्र इथेच सापडतं.

मायकल कस्कुना आणि चार्ली लूरी यांनी अमेरिकेत मोझेक उभी केली ती याच हेतूने. १९८३ साली पहिला सेट आला: पियानोवादक थेलोनिअस मंकने १९४७ ते १९५२ या काळात ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी केलेली सगळी ध्वनिमुद्रणं, चार एलपी, ७५०० प्रती. एमआर४-१०१ हा क्रमांक त्याचाच. मूळ ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातले हे तुकडे तीन-साडेतीन मिनिटांचे. अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड ऐकणाऱ्याला या घट्ट बांधणीचं वेगळं काही सांगावं लागत नाही.

प्रती मोजक्या का, याचं कारण साधं. ध्वनिमुद्रणं दुसऱ्या कंपन्यांच्या मालकीची असतात. मोझेक ती ठरावीक प्रतींसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी परवान्यावर घेते. परवाना संपला की सेट संपला. खोक्यावरचा हाताने लिहिलेला अनुक्रमांक त्या कराराची खूण आहे. लहान आकड्याची प्रत जास्त चांगली वाजते असं काही नाही, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

सेटच्या नावातला ‘कम्प्लीट’ हा शब्दही जपून वाचावा. त्याचा अर्थ ‘जे वाचलं ते सगळं’ एवढाच. फेब्रुवारी १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांच इथल्या गोदामाला आग लागून अटलांटिक कंपनीच्या असंख्य न छापलेल्या फिती जळाल्या. त्यामुळे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या अटलांटिक काळाचा १९९५ चा सात सीडींचा सेट कितीही पूर्ण म्हटला, तरी त्या गोदामात जे गेलं ते गेलंच.

उलट उदाहरणही कोल्ट्रेनचंच. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये त्याचं चार रात्री ध्वनिमुद्रण झालं. १९९७ च्या चार सीडींच्या सेटमध्ये ते तारखांच्या क्रमाने आहे, आणि त्यात ‘इंडिया’ ही त्याची रचना चार वेळा येते, दर रात्री एकदा. १९६३ च्या एलपीवर यांतलं फक्त ३ नोव्हेंबरचं छापलं गेलं होतं. चारही ऐकल्यावर कळतं की हा माणूस रचना पुन्हा वाजवत नव्हता, रोज नव्याने मांडत होता. खाली धरून ठेवलेला सूर तोच, वरचा विस्तार वेगळा. सवाईच्या मांडवात एकच राग वेगवेगळ्या वर्षी ऐकलेल्या श्रोत्याला हे ऐकायची सवय आहे. माझा आग्रह एवढाच, की चारही एका बैठकीत ऐकू नयेत. रात्रीला एक, पुस्तिकेतलं त्या तारखेचं पान समोर उघडून.

नवी आवृत्ती जुनीपेक्षा खरी असू शकते हेही या छंदातलं एक समाधान. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात मुख्य यंत्र किंचित हळू चाललं होतं. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना कितीतरी वर्षं जरा चढ्या स्वरात ऐकल्या गेल्या. १९९२ मध्ये जोडीच्या यंत्रावरची फीत वापरून ते सुधारलं. पहिल्या छपाईची प्रत हे ऐतिहासिक धन आहेच, पण हार्मोनियम जुळवून बसायचं असेल तर नंतरचीच घ्यावी.

२२ जुलै

स्वस्त सेटबद्दल. आठ अल्बम चार सीडींवर, किंमत एका एलपीपेक्षा कमी, असे युरोपातून येणारे सेट बेकायदेशीर असतातच असं नाही. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो ७० झाला, पण १९६३ पूर्वी छापलेलं तोवर मुक्त झालेलं होतं आणि ते तसंच राहिलं. भारतात ही मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणून १९५९ या जॅझच्या सोन्यासारख्या वर्षात छापलेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क युरोपात आणि भारतात आता उरलेला नाही.

अडचण कायद्याची नाही, मुळाची आहे. मूळ फीत या छापणाऱ्यांकडे नसते. दुसऱ्याची सीडी किंवा वाजवलेली एलपी उतरवून घेतलेली असते. ओळखायला तीन गोष्टी बघाव्यात: मास्टरिंग (छपाईआधीची आवाजाची शेवटची जुळणी) कुणी केलं त्याचं नाव, मूळ कंपनीच्या परवान्याची ओळ, आणि कोणत्या फितीवरून घेतलं त्याचा उल्लेख. तिन्ही नसतील आणि नुसतं ‘२४ बिट रिमास्टर्ड’ लिहिलं असेल, तर ओळख करून घ्यायला ठीक, संग्रहात ठेवायला नाही.

जुना सेट विकत घेताना फोटो मागायचे ते असे: अनुक्रमांक, खोक्याचे चारही कोपरे, झाकणाची आतली बाजू, पुस्तिकेचा कणा, आणि प्रत्येक लेबल. झाकणाच्या आतले तपकिरी ठिपके दिसले तर विक्रेता तबकड्या नव्या म्हणाला तरी ओल लागलेली आहे. परदेशातून मागवताना ‘खोक्यात खोका’ हवा, दोन्हींमध्ये चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर भरण. ड्यूटी नुसत्या सेटच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर लागते. तीन-साडेतीन किलोंच्या दहा एलपींच्या सेटला हा हिशेब आधी न केल्यास घाम फुटतो. जुन्या बाजारात सुट्या एलपी निघतात, अखंड सेट क्वचितच.

सीडींच्या सेटना बुरशीपेक्षा दोन वेगळे रोग. एक म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या जाड डब्यांतला स्पंज. तो कुजून चिकट होतो आणि छापील बाजू खातो, म्हणून दिसला की काढून टाकावा. दुसरा, इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या काही सीडींचा: कडेपासून तांबूस-तपकिरी पडत जातात, कारण वरचा लेप कागदातल्या गंधकाला पुरून उरला नाही. अशी सीडी दिसली की त्याच दिवशी संगणकावर उतरवून घ्यावी, उद्यावर टाकू नये.

२३ जुलै

बुरशी सापडलेल्या तबकड्यांचं धुणं. एक लिटर मिश्रणासाठी ७५० मिलि डिस्टिल्ड पाणी, २५० मिलि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटो धुण्यासाठी वापरतात त्या वेटिंग एजंटचे पाच-सहा थेंब. थेंब वाढवले तर खोबणीत थर राहतो आणि पिनेवर पांढरा गोळा जमतो. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार तिथेच सुकतात. हेच मिश्रण ७८ च्या लाखेच्या तबकडीवर कधीही नको, अल्कोहोलने लाख विरघळते.

लेबल झाकून, मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने तीन फेरे, दोन मिनिटं भिजू द्यायचं, सुती नव्हे तर मायक्रोफायबरच्या कापडाने टिपायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. ही दुसरी पायरी गाळली की घाण खोबणीतच राहते. ताटाळ्यात उभी ठेवून अर्धा तास, पंखा बंद. आतलं पाकीट नवीन घालायचं. जुन्यात परत घातली तर बीजाणू तिथे बसलेलेच असतात. पॉलिथिनचं अस्तर असलेलं पाकीट चांगलं, पीव्हीसीचं नको. ते उन्हाळ्यात तबकडीवर धुरकट डाग सोडतं.

डांबरगोळ्या कपाटात ठेवू नयेत. घरोघरी ही सवय आहे, पण त्यांच्या वाफेने सीडीचे पारदर्शक डबे मऊ पडून खराब होतात. कसर टाळायला कोरडेपणा आणि स्वच्छता पुरते. सिलिका जेल उघड्या फळीवर निरुपयोगी, झाकणाच्या बंद पेटीतच काम करतं. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास, आणि त्या ओव्हनमध्ये नंतर स्वयंपाक करायचा नाही, विशेषतः निळ्या दाण्यांच्या बाबतीत.

फळ्यांबद्दल थोडक्यात. एलपींचं वजन मीटरला ५० किलोंच्या पुढे जातं. भुशाचा बोर्ड पावसाळ्यात फुगून वाकतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय आणून दर ४० सेंटिमीटरला उभा आधार द्यावा. आतली उंची ३४ सेंटिमीटर. पुण्यात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला कपाट लावू नये. आतल्या भिंतीलाही मागे चार बोटं जागा सोडावी. सेट उभेच ठेवायचे. एकावर एक आडवे रचले तर तळच्या खोक्याचं झाकण आत बसतं.

२६ जुलै

दुपारी दोन तास ऊन. आर्द्रता ६१. धुतलेल्या अकरा तबकड्या वाजवून पाहिल्या. नऊ शांत आहेत, दोनमध्ये पहिल्या रचनेवर अजून खरखर आहे, म्हणजे बुरशीने खोबण खाल्ली आहे आणि आता ती जाणार नाही. तसं वहीत लिहिलं, बाजू आणि रचनेच्या क्रमांकासह. पुस्तिका परत खोक्यांत घातल्या. मंकचा सेट मधल्या फळीवर, भिंतीपासून दूर.