दुधावरचा विश्वास

कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचे काम १८५२ साली सुरू झाले, तरी आमच्या मंडळीतील पुष्कळांचा विश्वास, माझ्या मते, अजून रविवारच्या उपासनेपाशी आणि मागण्यांच्या प्रार्थनेपाशीच थांबलेला आहे. ग्रीसमधील करिंथ शहरातील मंडळीला प्रेषित पौलाने बाळके समजून दूधच, म्हणजे सोपी शिकवणच, पाजले, त्याचे कारण ज्ञानाची उणीव हे नव्हते (ज्ञानाचा तिला गर्वच होता). हेवा, कलह आणि ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ ही शिक्षकांच्या नावांवरची गटबाजी हे होते. मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीत आपल्याकडे वेगळे काय घडते? बायबलमधील इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात बरेवाईट ओळखण्याचा सराव ही प्रौढांची खूण सांगितली आहे. तालमीत घाम गाळल्याशिवाय नुसत्या दुधाने पैलवान घडत नाही, हे कोल्हापूरकराला ठाऊकच आहे. म्हणून अवघड उताऱ्यांचा अभ्यास घरी व्हावा, आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याकडे आधी जावे.