शोभून दिसेल

मंगळवार, रात्री साडेदहा

सकाळपासून एकच शब्द डोक्यात घोळतो आहे, आणि तो ज्याने उच्चारला त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते, हे ठाऊक असूनही तो खाली बसत नाही. वर्धा मार्गावरच्या त्या काचेच्या, वातानुकूलित दुकानात मी गाडीच्या रंगाची चौकशी करायला गेलो होतो. मुलाने अदबीने पाणी दिले, खुर्ची पुढे केली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, सिल्व्हर करून टाका ना. शोभून दिसेल."

छान दिसेल, असे तो म्हणाला नाही. शोभून दिसेल, असे म्हणाला. या वाक्यात कर्ता नाही. काय शोभून दिसेल? गाडी, की गाडीत बसलेला मी? आपल्याकडे हे क्रियापद वस्तूपेक्षा माणसाच्या वयाशी आणि पायरीशी जास्त जोडलेले असते. लहानपणी मला न शोभणाऱ्या गोष्टी फार होत्या, मधल्या काळात कोणी काही बोलले नाही, आणि आता पुन्हा यादी सुरू झालेली दिसते. निवृत्तीला सात महिने उरले आहेत. तो विषय आज नको.

गाडी म्हणजे तीच, 2001 ची सॅन स्टॉर्म. दोन माणसांची, उघड्या टपाची, गोव्यात तयार झालेली, 1149 सीसीचे रेनो इंजिन असलेली आणि सबंध अंग फायबरचे, म्हणजे राळेत बसवलेल्या काचतंतूंचे. रंग लाल होता, असे भूतकाळात म्हणावे लागते. वर क्लिअर कोट, म्हणजे रंग राखणारा पारदर्शक थर, नसलेला साधा रंग होता तो. इतक्या वर्षांच्या उन्हाने त्याचा वरचा थर खडूसारखा झाला आहे. रविवारी जुन्या बनियनने बॉनेट पुसतो तेव्हा बनियन गुलाबी होते आणि गाडी तेवढीच कमी होते. नोंदणीची पंधरा वर्षे 2016 मध्ये संपली, मग पाच पाच वर्षांची दोन नूतनीकरणे झाली, आता तिसरे तोंडावर आहे. तपासणीला अशी विटलेली गाडी न्यायची नाही, एवढाच हेतू होता. हौस वगैरे काही नव्हती, असे मी हिला सांगितले होते. तिने मान डोलावली. तिची ती मान मला चांगली ओळखीची आहे.

त्या दुकानात पुढे जे घडले त्याने खरे तर मला धीर यायला हवा होता. मुलाने रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र आणून बॉनेटवर टेकवले, तर आकडाच येईना. त्याने ते झटकले, शेजारच्या पांढऱ्या गाडीवर लावून पाहिले, तिथे आकडा आला. परत माझ्या गाडीवर लावले, पुन्हा काहीच नाही. हे यंत्र खाली धातू असेल तरच मोजते, असे मी सांगितल्यावर तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे प्लॅस्टिक." मग त्याने रंग मारून बूथमध्ये, म्हणजे तापवलेल्या बंद खोलीत, साठ अंशांवर भाजून देण्याचा दर काढला. फायबरच्या थरांत कुठे हवा अडकलेली असेल तर भाजताना फोड येतात, त्याचे काय, असे मी विचारले. "मशीनमध्ये होतं सर सगळं," हे उत्तर मिळाले. फायबरला तो प्लॅस्टिक म्हणतो, तर माझ्या वयाबद्दल त्याचा अंदाज मी एवढा मनाला का लावून घ्यावा? तरीही घरी येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला मी आरशात पाहत होतो. मागची वाहने पाहण्यासाठी नव्हे.

संध्याकाळी कामठी मार्गाच्या आत असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. धाकट्याने तीन वेळा सांगितले होते, मीच टाळत होतो. त्याचे कारण इथेही लिहिणार नाही. तिथल्या मिस्त्रींच्या खिशात फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक असते. पुट्टी कुठे भरली आहे ते त्याने कळते, कारण जाड पुट्टीवर चुंबक धरत नाही. सवयीने त्यांनी ते माझ्या मडगार्डवर लावले आणि ते सरळ खाली, मातीत पडले. दुसरीकडे लावले, पुन्हा पडले. मग ते मोठ्याने हसले. "अरे बापा, याले तर पत्राच नाही!"

त्यानंतर मात्र त्यांनी बोटाच्या पेराने सगळी गाडी टकटक करत ऐकली, कुंभाराच्या दुकानात बायका मडके ऐकतात तशी. दाराच्या कडीजवळ थांबले, थुंकी लावलेले बोट फिरवले, आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा मला दाखवल्या. इतकी वर्षे त्या मी धूळ समजत होतो. "इथं पुट्टी नाही लावाची साहेब. वरून लावली का सहा महिन्यात रेघ पुन्हा वर येते. खरडून खालपर्यंत जा लागते." रंग काढायचे औषधही ते लावणार नाहीत, कारण ते फायबरला खाते, आधी चारशेचा, मग आठशेचा घासायचा कागद, सगळे हाताने. काम नवतपा, म्हणजे मेअखेरीचे ते नऊ कडक दिवस, लागण्याआधी संपवायचे, कारण त्या उन्हात फवारा गाडीवर नीट पसरण्याआधीच सुकतो आणि खडबडीत पृष्ठभाग उठतो, आणि पावसाळ्यात ओलीने रंगावर पांढुरकी झाक येते. त्या खडबडीला या धंद्यात ऑरेंज पील म्हणतात. संत्र्यांच्या गावात संत्र्याची साल हा दोष ठरावा, याची त्यांना काही गंमत वाटली नाही.

मग त्यांनी विचारले, "कलर कोणता?"

आणि मी म्हणालो, "सिल्व्हर."

हे लिहिण्यासाठीच आज वही उघडली. दिवसभर ज्या शब्दाने मी दुखावलो होतो, त्याच शब्दाची आज्ञा मी पहिल्या संधीला पाळली. कोणी आग्रह केला नव्हता. दुकानातला तो मुलगा तिथे नव्हता. मला सिल्व्हर आवडतही नाही. शहरातल्या निम्म्या टॅक्सी त्या रंगाच्या असतील. तरी तोंडातून तेच निघाले, जसे लग्नात आपण होऊन मागच्या रांगेत जाऊन बसतो.

मिस्त्रींनी ते ऐकून घेतले नाही, हे माझे नशीब. फायबरवर पुढे कुठे रेघ आली तर मेटॅलिक रंगाचा तुकडा जुळत नाही, चमकीचे कण प्रत्येक फवाऱ्याला वेगळे बसतात. साधा रंग जुळवता येतो. काळा आणि गर्द निळा त्यांनी आधीच बाद केला, कारण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गर्द रंग इतका तापतो की आतल्या काचतंतूंची वीण वर उमटते. हिरव्याचा विचार माझ्या मनात एकदा होता, पण मनातला हिरवा ऑलिव्हकडे झुकणारा होता, आणि तो नियमाने फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. उरले पांढरा, पिवळा आणि लाल. पांढरा किंवा पिवळा केला तर नोंदणी पुस्तकात बदल करून घ्यावा लागतो, म्हणजे गिरीपेठेच्या आरटीओत आणखी एक अर्ज आणि आणखी एक रांग.

पुस्तकात लिहिले आहे, लाल. कोणता लाल, ते पुस्तक विचारत नाही.

तेव्हा या वयात लाल गाडी फिरवण्याचे जे धैर्य मी दाखवणार आहे, ते मुख्यत्वे आरटीओची एक फेरी वाचवण्याचे आहे. हिला मी हे सांगितले तेव्हा तिने पुन्हा तशीच मान डोलावली आणि भाजी चिरत राहिली. लाल रंगच सगळ्यांत लवकर उडतो, या वेळी वरून क्लिअर मारला तरी आठ-दहा वर्षांत पुन्हा पाहावे लागेल, असे मिस्त्री म्हणाले. मी मनात बेरीज केली आणि ती कोणाला सांगितली नाही.

त्यांनी काट्यावर तोलून मिसळलेले पाच लाल रंग पत्र्याच्या पाच तुकड्यांवर मारून दिले आहेत. ते आता गॅलरीच्या कठड्यावर ओळीने उभे आहेत. ट्यूबलाइटमध्ये सगळे कुंकवाच्या जुन्या डबीसारखे तपकिरी दिसतात, म्हणून निवड सकाळच्या उन्हात करायची आहे. डावीकडून दुसरा मला संध्याकाळी शेडच्या दारात बरा वाटला होता. आरसे काळेच ठेवायचे की तेही लाल करायचे, हे मात्र विचारायचे राहून गेले.