गुहागरकडच्या एका गावात लिनक्स मिंट: प्रवास, अनुभव आणि पुढे जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच भरल्या होत्या, तेव्हा आम्ही तिघं पुण्याहून गुहागर तालुक्यातल्या एका गावात गेलो. गावातल्या सार्वजनिक वाचनालयातले आणि माध्यमिक शाळेतले जुने संगणक विंडोज १० वरून लिनक्स मिंट या मोफत संगणक प्रणालीवर आणायचे होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली. घरगुती संगणकांना त्यानंतर आणखी वर्षभर ती घ्यायची सोय दिली गेली, पण त्याने प्रश्न वर्षभर पुढे जातो, सुटत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. गावातले बहुतेक संगणक तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचे. ते धडधाकट चालतात, आणि चालती यंत्रं भंगारात जावीत हे मला अजिबात पटत नाही. वाचनालयाच्या अनुदानात नवे संगणक बसत नाहीत हे तर उघडच आहे.

जायचा रस्ता सोपा. कराडपर्यंत महामार्ग, मग पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून गुहागरची एसटी. मुंबईहून येणाऱ्यांनी कोकण रेल्वेने चिपळूणला उतरावं. पावसाळ्यात हे काम काढू नका. घाटाचा भरवसा नसतो आणि गावात विजेचा त्याहून नसतो. सामान एसटीच्या डिकीत न टाकता मांडीवर ठेवा, कारण त्यात लोकांचा डेटा ज्यात उतरवायचा ती हार्डडिस्क असते.

बरोबर काय न्यावं, हे सविस्तर सांगते. व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करू देणारं साधन) घातलेले दोन-तीन पेनड्राइव्ह, कारण त्यात मिंटच्या आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायच्या, फाइली नुसत्या कॉपी केल्या की काम होतं आणि मिंटच्या सिनॅमन व हलकी एक्सएफसीई अशा दोन्ही आवृत्त्या एकाच पेनड्राइव्हवर राहतात. रिकामी एक्स्टर्नल हार्डडिस्क. थोड्या साटा एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क. स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा ब्रश आणि साधं खोडरबर. समुद्राच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडतात आणि संगणक चालू करताच नुसता पिप-पिप करत बसतो. पट्टी काढून खोडरबराने हलकेच पुसली की निम्म्या वेळा तो उठून बसतो. शिवाय फोनची डेटा केबल विसरू नका. एखाद्या संगणकाचं वाय-फाय मिंटला लगेच ओळखू आलं नाही, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. इंटरनेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून वाय-फायचा ड्रायव्हर बसवता येतो.

पहिला दिवस आम्ही काहीही इन्स्टॉल न करता घालवला, आणि पुढे जाणाऱ्या प्रत्येकाने तसंच करावं असा माझा आग्रह आहे. ग्रंथपाल काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, “काकू, सकाळी आल्यापासून काय काय करता ते दाखवा.” त्यांनी दाखल नोंदवहीची एक्सेल फाइल उघडली, वर्गणीच्या पावत्या छापल्या, व्हॉट्सॲप वेब लावलं, संचालकांना पत्र टाइप केलं. संपलं. या चार कामांत विंडोजवाचून अडेल असं एकही नव्हतं. शाळेत सरल, यूडायस प्लस आणि शालार्थ ही सरकारी नोंदींची आणि पगाराची संकेतस्थळं, तिन्ही ब्राउझरमधूनच उघडतात. माणसं संगणक बदलायला घाबरतात ती कामं अडतील म्हणून. तेव्हा आधी कामांची यादी त्यांच्याच तोंडून घ्यावी आणि प्रत्येक कामासमोर ते नव्या संगणकावर कसं होईल हे लिहून त्यांना वाचून दाखवावं.

त्या यादीनेच एका संगणकाला आम्ही हात लावायचा नाही हे ठरवलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातूनही बोलावणं आलं होतं. तिथल्या संगणकावरून डिजिटल सहीच्या टोकनने देयकं मंजूर होतात. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण सगळं सुरळीत चालतंय हे खऱ्या व्यवहारावर तपासायची सोय नव्हती आणि गावाचा पैसा हे प्रयोगाचं ठिकाण नव्हे. ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना तसं सरळ सांगितलं. जिथे टॅलीवर हिशेब आहेत किंवा डिजिटल सही लागते, तिथे एक संगणक विंडोजवरच राहू द्या. बाकीचे बदलल्याने त्या एकाकडे नीट लक्ष देता येतं.

डेटा उतरवताना डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स एवढंच बघून भागत नाही. डी ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’ नावाची फोल्डरं एकात एक असतात आणि नेमकं महत्त्वाचं तिथेच असतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही आधी वहीत उतरवून घ्या. संगणकावर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉपी झाल्यावर पाच-सहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघाव्या, तेही मालकाच्या समोर. काकूंनी दाखल नोंदवहीची शेवटची नोंद दुसऱ्या पडद्यावर स्वतः वाचली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

इन्स्टॉल करण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सोपं आहे. सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू आणायचा आणि मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायचं: आवाज येतो का, वाय-फाय दिसतं का, प्रिंटर ओळखतो का. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कचा साटा मोड आरएआयडीवर आहे का ते पाहा. तो एएचसीआय करावा लागतो. विंडोज त्याच डिस्कवर ठेवायचं असेल तर हा मोड बदलण्याआधी थांबा, कारण पूर्वतयारीशिवाय बदलला तर विंडोज सुरू होत नाही. चार जीबी रॅमच्या संगणकांवर एक्सएफसीई टाकलं, आठ जीबीच्यांवर सिनॅमन. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की जो फरक पडतो तो इतर कशानेही पडत नाही. थोडेच पैसे जमले असतील तर ते त्यातच घाला. वीज जायची शक्यता असेल तेव्हा डेस्कटॉप इन्व्हर्टरवर जोडल्याशिवाय सुरुवात करू नका.

शाळेच्या दोन संगणकांवर मुख्याध्यापक सरांना विंडोजही शेजारी हवं होतं. तिथे विंडोजमधला फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर विंडोजचे डिस्कवरचे विभाग मिंटमध्ये नुसते वाचता येतात, लिहिता येत नाहीत. दोन्ही प्रणाली एकत्र असल्या की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसतं, कारण लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. मिंटला टाइमडेटसीटीएल आज्ञेने स्थानिक वेळ धरायला सांगितलं की मिटतं. हे आधीच करून ठेवा. शाळेत घड्याळ चुकलं की हजेरीपासून सगळ्यावर शंका घेतली जाते.

आता मराठी. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो, आणि मला वाटतं या कामात खरी कसोटी इथेच लागते. वाचनालयाची जुनी पत्रं, वार्षिक अहवाल, व्याख्यानमालेच्या निमंत्रणपत्रिका सगळं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होतं. असा मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच दिसतो, आणि माणसाला वाटतं लिनक्सने फाइली बिघडवल्या. म्हणून अशा फाइली आधी विंडोजवरच उघडून त्यांच्या पीडीएफ करून ठेवा. ज्या मजकुरावर पुढेही काम व्हायचं आहे तेवढाच परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि माणसाकडून तपासून घ्या. रफार, जोडाक्षरं आणि ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ हमखास बिघडतात. ‘ॲ’ही दोन तऱ्हांनी साठवला जातो, त्यामुळे ‘ॲड.’ शोधलं तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत; शोधा-आणि-बदला वापरून तो सगळीकडे एकसारखा करून घ्यावा.

टंकनासाठी माणसाची बोटं बघा. इन्स्क्रिप्ट ही सरकारमान्य कळमांडणी येणाऱ्याला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मांडणी जोडून दिली की पुरतं; ‘ऱ्य’साठी शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ, हे एका कागदावर लिहून पडद्याला चिकटवा. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी आयबस या लिनक्सवरच्या टंकनाच्या साधनातली फोनेटिक मांडणी बसवा. शाळेचे लिपिक भाऊ मात्र टंकलेखनाच्या परीक्षेत शिकलेल्या रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर डोळे मिटून टाइप करतात. वर्षानुवर्षं कमावलेला तो वेग आहे, त्यांना इन्स्क्रिप्ट शिका असं सांगणं अन्यायाचं झालं असतं. आयबसमध्ये हिंदी रेमिंग्टन मिळते, पण ती सवयीच्या मांडणीशी तंतोतंत जुळेलच असं नाही. त्यांना एक पूर्ण पत्र टाइप करू द्या आणि कुठे बोट अडतं ते टिपत जा.

लिब्रेऑफिसमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. फाइली वर्ड-एक्सेलच्या डीओसीएक्स आणि एक्सएलएसएक्स स्वरूपातच जतन होतील असं ठरवून द्या, म्हणजे पंचायत समितीला पाठवलेली फाइल तिकडे उघडते. आणि मेनूच्या जागी टॅब असलेली मांडणी लावा, ती सवयीच्या ऑफिससारखी दिसते. मंगल फाँट मिंटमध्ये नसतो. त्याच्या जागी दुसरा देवनागरी फाँट येतो आणि पानं थोडी खाली-वर सरकतात, हे आधीच सांगून ठेवा. एक्सेलमधले मॅक्रो चालतीलच असं नाही. पगारपत्रकाच्या तक्त्यात ते आहेत का ते बघा.

प्रिंटरांच्या बाबतीत, एचपी लेझरजेट १०२० सारख्या यंत्रांना एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं जादा प्लगइन उतरवावं लागतं आणि त्याला इंटरनेट लागतं. कॅननच्या कॅप्ट प्रकारच्या लेझर प्रिंटरांना ड्रायव्हर वेगळा आणावा लागतो. निघण्यापूर्वी गावाकडून प्रिंटरच्या मॉडेलचा फोटो मागवून घ्या.

शिकवायला बसलो तेव्हा आम्ही एक नियम पाळला: माउस शिकणाऱ्याच्याच हातात. निवृत्त गुरुजी वाचनालयात रोज येतात, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सी ड्राइव्ह कुठे गेला हो?” प्रश्न अगदी रास्त आहे. डेस्कटॉपवर ‘जुन्या फाइली’ नावाचं फोल्डर करून सगळं त्यात ठेवलं आणि गुरुजींनी स्वतःच आपला लेख शोधून काढला. व्हॉट्सॲप वेबचं चित्र मिंटच्या वेब ॲप्समधून डेस्कटॉपवर आणून दिलं. लिनक्सचा इतिहास, टर्मिनल, फ्री सॉफ्टवेअरची तत्त्वं यांतलं काहीही पहिल्या बैठकीत काढू नका. मला ती तत्त्वं फार मोलाची वाटतात आणि म्हणूनच सांगते, ज्याचं पत्र छापून झालेलं नाही त्याला ती ऐकवू नयेत.

मुलांचं वेगळं. नववीतल्या मुलींनी खेळातून शिकवणारं जीकॉम्प्रिस आणि आकाश दाखवणारं स्टेलॅरियम कोणी न सांगताच उघडलं आणि आकाश थेट गुहागरच्या अक्षांशावर आणून ठेवलं. शाळेच्या पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस होता, फोल्डरं गायब आणि जागोजागी शॉर्टकट. विंडोजमध्ये लपवलेली ही फोल्डरं मिंटमध्ये सहसा सरळ दिसतात. तिथून फाइली उचलल्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. हे त्याच मुलींना शिकवलं आणि दुपारपर्यंत शिक्षकांचे पेनड्राइव्ह त्यांच्यापुढे येऊ लागले. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं मुलं लिनक्सवरच शिकत आहेत. आपल्याकडे ते होऊ नये असं काहीच कारण मला दिसत नाही.

निघण्यापूर्वी गावातच एक जबाबदार माणूस ठरवा. आमच्याकडे ती जबाबदारी शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी आपणहून घेतली. त्यांच्या हातून टाइमशिफ्टने प्रणालीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची प्रत, घ्यायचा आणि तोच परत आणायचा सराव करून घेतला, कारण बिघडलं तर मागे जाता येतं हे हाताने केल्यावरच पटतं. अपडेट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, इंटरनेट चांगलं असेल तेव्हा. दुरून मदत करायला रस्टडेस्क बसवला आणि तो गावातूनच आमच्या लॅपटॉपवर चालवून पाहिला. पासवर्ड, वाय-फायचं नाव, प्रिंटरचं मॉडेल, कुठल्या संगणकात कोणती एसएसडी, हे सगळं एका जाड वहीत लिहून वही कपाटात ठेवली. पहिले पंधरा दिवस फोन येतात, बहुतेक छपाईचे आणि मराठी टंकनाचे. त्या काळात फोन उचलता येणार नसेल तर जायची तारीखच पुढे ढकला. मिंट २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि त्याआधीच्या हिवाळ्यात पुढची आवृत्ती बसवायला यायचं असं बाईंशी बोलणं झालं आहे.