पावसाळ्यात भरकटणारे पीएच मीटर आणि बोर्डवरचा फ्लक्स: माझा अनुभव

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये आहे, आम्ही पीएच ट्रान्समीटर, म्हणजे द्रावणाची आम्लता मोजणारे मीटर बनवतो, गिऱ्हाईक बहुतेक नंदेसरीच्या बाजूचे केमिकलवाले. पाऊस सुरू झाला की एकच तक्रार यायची, मीटर पीएच ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचचं तपासणीचं द्रावण) बरोबर आणि ४ च्या बफरमध्ये ४.२, ४.३ दाखवतो. सगळे म्हणायचे द्रावणात बुडवायचा इलेक्ट्रोड गेला, नवीन लावला तरी तेच, आणि उन्हाळ्यात तोच बोर्ड एकदम ठीक.

परत आलेला एक बोर्ड उघडून बीएनसीच्या (इलेक्ट्रोडची वायर जोडायचा कनेक्टर) पायाजवळ नुसती तोंडाची वाफ सोडली आणि रीडिंग सरकलं, ब्लोअर मारला तर परत जागेवर. म्हणजे इलेक्ट्रोडचा काही संबंध नाही, बोर्डवरूनच करंट गळतोय.

हिशेब सोपा आहे. काचेच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्सच १०० मेगाओमच्या आसपास असतो, आणि बोर्डवर ओलाव्यामुळे इनपुट ते ग्राउंड १००० मेगाओमची वाट तयार झाली तर सिग्नलचा जवळजवळ ९ टक्के भाग तिथेच जातो. ७ ला व्होल्टेज शून्य असल्यामुळे फरक पडत नाही पण ४ चं ४.२७ होतं. मल्टिमीटर लावून ही गळती दिसत नाही, त्याच्या हिशेबी १००० मेगाओम म्हणजे ओपनच. आणि कॅलिब्रेट करून टाकलं तरी उपयोग नाही, हवा बदलली की परत चुकणार.

आता ओलावा धरून ठेवतंय कोण, तर फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन. लाईनवरच्या ताई म्हणाल्या, "दादा, मी तर सगळे बोर्ड आयपीएने पुसते, बघा किती चकचकीत आहेत." आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. खरंच चकचकीत होते, आणि त्या सांगितलेलंच करत होत्या, ही पद्धत आमच्याकडे आधीपासूनच चालत आलेली. पण आमचा फ्लक्स नो-क्लीन आहे, म्हणजे सोल्डरिंगनंतर न धुता ठेवायचा. त्यात जे ऑरगॅनिक ॲसिड असतं ते पूर्ण तापलं की बरंचसं उडून जातं आणि उरलेलं राळेच्या थरात बंद होऊन बसतं, म्हणून तो तसाच ठेवला तर चालतो. ब्रशने थोडा आयपीए फिरवला की राळ विरघळते, आत बंद असलेलं ॲसिड मोकळं होतं, आयपीए उडून जातो आणि ते सगळं पातळ होऊन आयसीखाली, पायांच्या मधे पसरून बसतं, वाळल्यावर पांढुरकी झाक दिसते ती हीच. अर्धवट साफ करण्यापेक्षा हात न लावलेला बरा, हे मी आता कोणालाही ठामपणे सांगतो.

त्यात बीएनसी हाताने सोल्डर होतो, तिथे बाटलीतला फ्लक्स सढळ हाताने लावला जायचा, जॉइंटच्या आजूबाजूला पसरलेला फ्लक्स तापतच नाही, म्हणजे तो जिवंतच राहतो. आणि ही नेमकी बोर्डवरची सगळ्यात नाजूक जागा.

बाहेरच्या लॅबमधून आयन टेस्ट (बोर्डवर किती क्षार, ॲसिड उरलंय त्याची तपासणी) करून घेतली तर बोर्ड पास झाला, प्रति चौरस सेंटिमीटर १.५६ मायक्रोग्रॅमची जी जुनी मर्यादा आहे तिच्या बराच खाली. पण ती टेस्ट अख्ख्या बोर्डचं सरासरी सांगते, एका कोपऱ्यात सगळं साचलं असेल तर ते त्यात कळत नाही, त्यामुळे त्या पासवर मी समाधान मानलं नाही.

मग पद्धत बदलली. रिफ्लो झालेला (ओव्हनमध्ये सोल्डर वितळवून पार्ट बसवलेला) बोर्ड, त्यावर बझर, उघडी रिले आणि बीएनसी बसवायच्या आधी, सॅपोनिफायर (राळेचा साबण करून ती पाण्यात विरघळवणारं रसायन) घातलेल्या ५०-६० डिग्रीच्या डीआय वॉटरमध्ये, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यात धुतो, नुसत्या पाण्याने नो-क्लीन निघत नाही, उलट पांढरा पडतो. मग ताज्या डीआय वॉटरने खळखळून रिन्स, शेवटच्या रिन्सच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी बघायची, ती वाढलेली असेल तर परत रिन्स. इथलं बोअरचं पाणी अजिबात नाही, त्यातले क्षार वाळून बोर्डवरच बसतील. मग एअर गन आणि ओव्हन, कारण आयसीखाली अडकलेलं पाणी नुसतं पुसून जात नाही.

बीएनसी नंतर बसतो, फक्त सोल्डर वायरच्या आतल्या फ्लक्सवर, बाटली त्या टेबलवरून उचलूनच टाकली. तेवढा कोपरा बोर्ड तिरका धरून ताज्या आयपीएने धुवायचा, घाण कडेवरून खाली गळून गेली पाहिजे, आणि आयपीए उडायच्या आत दुसऱ्यांदा ओतायचा. उघड्या ट्रेमध्ये दिवसभर तोच आयपीए वापरणं बंद, त्यात आधीच्या सगळ्या बोर्डांचा फ्लक्स असतो आणि पावसाळ्यात तो हवेतलं पाणीही ओढतो. ओलाव्यापासून वाचवणारं कोटिंग या सगळ्यानंतरच, घाणीवर कोटिंग मारलं तर घाण आतच राहते आणि पुढे कोटिंग सुटायला लागतं.

वेळ जास्त जातो, सरांनी सुरुवातीला कुरकुर केली. मग मी त्यांच्यासमोर जुन्या आणि नव्या पद्धतीचा एकेक बोर्ड गरम पाण्याच्या भांड्यासोबत बंद डब्यात ठेवला आणि दोन्हींचं ४ च्या बफरचं रीडिंग दाखवलं, त्यानंतर तो विषय परत निघाला नाही.