साच्यासाठी फॉर्म भरला, अडकलं शैवाल

पीएचडीचा विषय सांगितला की लोक विचारतात, शैवाल वाढवणं अवघड असेल ना? अजिबात नाही. क्लॅमिडोमोनस या माझ्या एकपेशीय शैवालाला पोषक द्रावण (माध्यम) आणि उजेड दिला की फ्लास्क हिरवागार होतो. मला छळलं ते एका फॉर्मने, आणि राग अजून गेलेला नाही.

शैवालाची ही पेशी जेमतेम १० मायक्रॉनची. पुढच्या दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे धागे, मारत ती सेकंदाला साधारण १०० मायक्रॉन पोहते. ती अमोनियमकडे किती ओढली जाते, हे मला मोजायचं होतं. पोषक भरलेली केशनळी पाण्यात धरून पेशी कुठे जातात ते बघण्याची पद्धत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी १८८० च्या दशकातच वापरली होती, पण तिथे अमोनियम पसरत राहतं आणि चढ, म्हणजे एका बाजूकडून दुसरीकडे त्याचं प्रमाण कसं वाढतं ते, सतत बदलतो. म्हणून मला छोटी चिप हवी होती. तिच्यात तीन समांतर वाहिन्या असतात, मधल्या भिंती अगॅरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या. एका कडेने अमोनियम क्लोराईड वाहतं, दुसऱ्या कडेने नुसतं द्रावण, आणि मधल्या स्थिर पाण्यात शैवाल. अमोनियम भिंतीतून झिरपतं आणि चढ तासन्‌तास तसाच राहतो. अंतर एक मिलिमीटर असेल तर हे काही मिनिटांत जमतं. सेंटिमीटरभर ठेवलंत तर शंभरपट वेळ लागेल, म्हणून सगळं इवलंसं करायचं.

अगॅरोज ओतायला साचा लागतो. सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) एसयू-८ या अतिनील प्रकाशाने कडक होणाऱ्या रेझिनचा उठाव, तोही एकदाच. पुढे त्यावर हव्या तेवढ्या चिप ओता. आमच्याकडे असं काम करायची धूळमुक्त खोली, म्हणजे क्लीनरूम, नाही, म्हणून दुसऱ्या संस्थेत बाहेरचा वापरकर्ता म्हणून अर्ज केला. ‘जैविक नमुना आत नेणार का?’ या चौकटीत स्पष्ट ‘नाही’ लिहिलं. पण वर प्रकल्पाचं नाव होतं, त्यात ‘शैवाल’ होतं. झालं.

‘‘मॅडम, शैवाल म्हणजे सजीवच ना?’’ फोनवर विचारणा.

‘‘हो, पण ते माझ्या प्रयोगशाळेतच राहणार. तुमच्याकडे फक्त साचा करायचाय.’’

‘‘मग जैवसुरक्षा समितीचं पत्र जोडा.’’

आमच्या समितीने अर्ज वाचला आणि परत केला. शैवाल रोगकारक नाही, जनुकबदल केलेलं नाही, तेव्हा हा आमचा विषयच नाही. आणि जो विषय नाही त्याचं पत्र कसं द्यायचं? तेच उत्तर मी तिकडे कळवलं. ‘पत्र नाही, अर्ज अपूर्ण’ असा शिक्का मारून फाइल परत. गाईड म्हणाले, ‘‘थांब थोडं, होईल.’’ थांबले. दर सोमवारी फोन, दर सोमवारी ‘साहेब रजेवर’. मधल्या काळात फ्लास्कमधलं शैवाल मी पुन्हा पुन्हा नव्या माध्यमात लावत होते, नुसतं जिवंत ठेवायला.

शेवटी तिथल्याच एका तंत्रज्ञाने हळूच सुचवलं, ‘‘नवा अर्ज करा आणि नावात फक्त साचा लिहा.’’ ‘सिलिकॉनवर एसयू-८ चा साचा’ लिहिलं, मंजुरी लगेच आली. वस्तू तीच, वेफर तोच! अर्जात तिथे जे करणार तेवढंच लिहा. प्रबंधाचा विषय प्रबंधासाठी राखून ठेवा.

प्रत्यक्ष काम एका बैठकीत झालं. वेफर मात्र दोन बनवून घ्या, सिलिकॉन हातातून निसटलं की तुकडेच. मास्कसाठी, म्हणजे ज्यातून प्रकाश पाडून वेफरवर नक्षी उमटवतात त्यासाठी, महागडी क्रोमची काच मागवू नका. वाहिन्या काही शे मायक्रॉन रुंद असतील तर ऑफसेट छपाईवाल्याकडून काढलेली फिल्म पुरते. ती गुंडाळून आणू नका, पुठ्ठ्यात सपाट ठेवा.

प्रयोगाबद्दल थोडं. सूक्ष्मदर्शकाला लाल फिल्टर लावाच, नाहीतर पेशी अमोनियम सोडून उजेडामागे धावतात. द्रावणातली हवा आधी निर्वात पात्रात काढून टाका. एक बुडबुडा अडकला की चढ बिघडलाच म्हणून समजा. आणि भुकेलं शैवाल जास्त धावेल, असं वाटतं ना? नायट्रोजनविना फार वेळ ठेवलं तर पेशींचे युग्मक (लैंगिक पेशी) बनतात आणि अमोनियमची ओढच जाते. शिवाय ही ओढ दिवसभर सारखी नसते, पेशींच्या दैनंदिन घड्याळाप्रमाणे कमी-जास्त होते. त्यामुळे रोज एकाच वेळी मोजा. मी सकाळ ठरवली होती, कारण दुपारी सूक्ष्मदर्शक मिळायचाच नाही.

पडद्यावर पहिल्यांदा ठिपके अमोनियमच्या बाजूला दाटलेले दिसले तेव्हा मी लॅबमधल्या सगळ्यांना ओढून आणून दाखवले. तरी गाईडना दाखवण्याआधी दोन्ही कडांना सारखंच अमोनियम सोडून बघितलं, आणि ते तुम्हीही कराच. तेव्हाही पेशी एकीकडे सरकल्या तर कुठून तरी उजेड येतोय किंवा मधल्या वाहिनीत गळती आहे. माझ्या पेशी दोन्हीकडे सारख्या पसरल्या.